दीपाबाईंची चोळीबांगडी

माझी आत्या गेल्या कार्तिकात हेब्बाळच्या घरी वारली. लग्न होऊन ती बेळगावकडून बंगळूरला आली, यजमान कृषी विद्यापीठात नोकरीला होते, आणि पुढची पन्नास वर्षे तिने हेब्बाळ सोडले नाही. दिवसकार्यासाठी आम्ही सगळे जमलो तेव्हा तिच्या कपाटात एक वही सापडली. तिच्यात हिशेब होता, पण घरखर्चाचा नव्हे. कोणत्या भाचीला कोणत्या चैत्रात खण दिला, दूधवालीच्या सुनेला डोहाळजेवणात कसल्या बांगड्या भरल्या, कोणाचे द्यायचे राहिले, एवढेच. पहिल्या पानावर मथळा होता : चोळीबांगडी.

हा शब्द मी त्याआधी वाचला होता तो इतिहासाच्या पुस्तकात, आणि तोही बंगळूरच्याच संदर्भात.

हेब्बाळला गेलेल्या माणसाला दगडावर जपण्याची रीत फार जुनी आहे. २०१८ साली इथे खोदकामात एक वीरगळ मिळाला. तो इ. स. ७५०च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला. राष्ट्रकूटांच्या हल्ल्यात गाव राखताना पडलेल्या कित्तय्याची आठवण त्यावर कन्नडात कोरली आहे. हेब्बाळहून मल्लेश्वरमला गेले की काडु मल्लेश्वराच्या देवळाजवळ दुसरा शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी १६६९ साली देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिले, त्याचा हा लेख. तोही कन्नडात. मराठी राजाने कन्नड देवस्थानाला कन्नडात दान लिहून दिले, यात तेव्हा कोणाला नवल वाटले नसावे.

या एकोजींची, म्हणजे व्यंकोजींची, पत्नी दीपाबाई. तिच्या नावाची शिळा मी बंगळूरमध्ये पाहिलेली नाही. तिची आठवण उरली आहे ती एका तहाच्या कलमात.

शहाजीराजांना बंगळूर मिळाले १६३८मध्ये, विजापूरच्या फौजेने केंपेगौडांकडून ते घेतल्यावर. जिजाबाई आणि शिवाजीराजे पुण्याकडे राहिले. तुकाबाई आणि एकोजी इकडे. १६६४ साली शहाजीराजे होदिगेरेला वारले. पुढे एकोजींनी तंजावर घेतले. १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीत शिवाजीमहाराज आले आणि त्यांनी सावत्र भावाकडे वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागितला. कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडीला दोघे भेटले. बोलणे जमले नाही, आणि एका रात्री एकोजी छावणीतून निघून नदीपलीकडे गेले. महाराज परतल्यावर त्यांनी महाराजांच्या मागे राहिलेल्या फौजेवर हल्ला केला, त्यात त्यांचा पराभव झाला.

इथे बखरींमध्ये दीपाबाई येते. ती नवऱ्याची समजूत घालते : थोरल्या भावाशी लढण्यात शोभा नाही, रघुनाथपंत हणमंत्यांना बोलवा आणि तह करा. तह होतो. बखरींत त्याची एकोणीस कलमे दिली आहेत. त्यांतल्या एकात महाराज बंगळूर, होसकोटे आणि आसपासचा मुलूख दीपाबाईला चोळीबांगडीसाठी देतात. कारभार नवऱ्याने पाहावा, पण उत्पन्न तिचे. आणि पुढे ते तिच्या लेकीकडे, लेकीच्या परंपरेने जावे, असेही त्यात म्हटले आहे.

बखरी नंतरच्या काळातल्या आहेत, त्यातला प्रत्येक शब्द जसाच्या तसा धरता येत नाही. पण हे कलम ज्याने लिहिले वा जपले, त्याला घरातली भांडणे नीट माहीत होती. मुलूख भावाला दिला असता तर तो वाटा ठरला असता. एकाची मागणी खरी ठरून दुसऱ्याची खोटी पडली असती. भावजयीला दिला म्हणून ती भेट झाली. घेणाऱ्याला कमीपणा नाही, देणाऱ्याला माघार नाही. चोळीबांगडी हा शब्द बायकी आणि किरकोळ वाटतो, पण दोन राज्यांमधले जे भांडण तलवारीने मिटले नाही त्याला त्याने बाहेर पडायची वाट दिली.

आमच्या घरात हेच घडले होते, आणि ते मला वही पाहिल्यावर कळले. माझे वडील आणि काका यांच्यात गावाकडच्या अठरा गुंठ्यांवरून अकरा वर्षे अबोला होता. एका भाऊबीजेला आत्याने दोघांनाही हेब्बाळला बोलावले, एकमेकांना न सांगता. शेजारी शेजारी पाट मांडले. ओवाळणीत म्हणाली, "मला पैसे नकोत. तो तुकडा द्या." दोघांनी दिला. त्याचा खंड दरवर्षी तिच्याकडे यायचा. तिला जमिनीची हाव आहे, असे तेव्हा घरातच बोलले गेले. तिने ते ऐकून घेतले. वहीतली सगळी जमा त्या खंडाची होती, आणि खर्चात तिच्या स्वतःसाठी एक रुपया नव्हता.

दीपाबाईचा चोळीबांगडीचा मुलूख दहा वर्षेच टिकला. १६८७ साली औरंगजेबाचा सरदार कासिमखान याने बंगळूर घेतले आणि ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. लेकीच्या परंपरेपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. टिकले ते दुसरेच काही. तिचे तिन्ही मुलगे, शहाजी, सरफोजी आणि तुकोजी, १६८४ ते १७३६ या काळात एकामागून एक तंजावरच्या गादीवर बसले. थोरल्या शहाजींचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' मराठीतल्या अगदी पहिल्या नाटकांत गणले जाते. 'पंचभाषाविलास'मध्ये तर त्यांनी एकाच रंगभूमीवर पाच भाषा बोलायला लावल्या. ज्या घरात कन्नड मुलखात नांदून तमिळ मुलखात राज्य केले, त्या घराला हे अवघड गेले नसेल. बंगळूर कधीकाळी आपले होते असे काही मराठी माणसे अभिमानाने सांगतात. मला वाटते, त्याहून सांगण्यासारखे हे की ते एकदा भांडण मिटवण्यासाठी एका सुनेच्या ओटीत घातले गेले होते.

तेराव्याच्या दिवशी जेवणे झाल्यावर अठरा गुंठ्यांचा विषय निघालाच. आत्याला मूलबाळ नाही. वडील आणि काका दोघेही आवाज न चढवता बोलत होते, आणि तेच ऐकायला जड जात होते. मी त्यांना ते जुने कलम सांगितले, लेकीच्या परंपरेचे. काका म्हणाले, "राजांची गोष्ट वेगळी." मग मी वही पुढे केली. शेवटच्या पानावर 'राहिलेले' असे लिहून खाली नऊ नावे होती. तिसरे नाव काकांच्या धाकट्या मुलीचे होते, सातवे शेजारच्या रंगम्माच्या नातीचे.

वडिलांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचले, मग काकांकडे दिले.

"आधी हे देऊन होऊ दे," काका म्हणाले, "मग बघू."

चैत्र अजून महिनाभर लांब आहे. खण घ्यायला दोघे बरोबर चिकपेठेत जाणार आहेत.