वाडीची माती आणि विहिरीचे पाणी



मुंबईहून रेल्वेने उत्तरेकडे निघाले आणि भाईंदरची खाडी ओलांडली की वसई लागते. स्टेशनापासून पश्चिमेला समुद्राच्या दिशेने गेले, की पापडी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा अशी गावे येतात. आज तिथे इमारतींची गर्दी झाली आहे. तरीही मधूनमधून केळीची, नारळाची, पानवेलीची, फुलझाडांची वाडी दिसतेच. ती हिरवाई पाहून माणूस सहज म्हणतो, "वसईची जमीनच मोठी भाग्यवान!"

हे म्हणणे अर्धेच खरे आहे. वसईच्या किनाऱ्याची मूळ जमीन कसली? बरीचशी पुळणीची, वाळूची. वाळूत पाणी थांबत नाही आणि खतही थांबत नाही. वरून ओतलेले खाली निघून जाते. शिवाय एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी व खाजण. अशा ठिकाणी ऊस, केळी, आले, हळद आणि विड्याचे पान पिकत होते, ते जमिनीच्या भाग्याने नव्हे. ती माती माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवली होती. ती कशी घडली, कशी बिघडली आणि पुन्हा कशी घडवता येते, याची हकीकत आज सांगायची आहे.

वसईत राज्ये अनेक झाली. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली, आणि पुढे इंग्रज आले. किल्ल्यावरचे निशाण बदलले, पण वाडीतले रोजचे काम फारसे बदलले नाही. वाडवळ, माळी, सामवेदी, किनाऱ्यावरचे ख्रिस्ती शेतकरी, सगळ्यांचा धडा एकच होता: वाडीतून जे न्यायचे, त्याच्या बदल्यात वाडीला काहीतरी परत द्यायचे.

परत काय द्यायचे? गोठ्यातले शेणखत तर होतेच. त्याशिवाय एरंडीची पेंड आणि कोळ्यांकडून येणारे सुक्या मासळीचे खत. केळीचा घड बाजारात गेला, तरी खुंट आणि पाने जागच्या जागी कुजत. आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून ती करतात. फळ परगावी गेले, पण झाडाचा बाकीचा सगळा भार मातीकडे परत आला, असा हा हिशेब.

पिकांची आळीपाळी होती. एका झाडाची सावली दुसऱ्याला मिळेल अशी लागवड होती. आपल्याकडे पानमळ्यात वेलीला आधार म्हणून शेवरी किंवा पांगारा लावतात. ही झाडे हरभऱ्याच्या आणि तुरीच्या कुळातली आहेत. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. जुन्या माळ्याला नत्र हा शब्द ठाऊक नव्हता, पण शेवरीखालचा वेल कसा हसतो, ते तो जाणून होता.

आता विहिरीकडे वळू. वाडीला पाणी मिळे ते रहाटाने. बैल किंवा रेडा फिरे, गाडग्यांची माळ वर येई आणि पाटाने पाणी जाई. जनावर दमले की रहाट थांबे. तेवढ्यात विहीर पुन्हा भरे. रहाट पाणी काढी तसा पाण्याला लगामही घाली. या लगामाचे मोल पुढे कळले, ते कसे, ते सांगतो.

पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुने ते सगळे सोने, असे मला म्हणायचे नाही. वसईच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आणि साऱ्या ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची रीत आहे. झाडांच्या फांद्या, पाला, गवत, शेण यांचे थर रोपाच्या जागेवर पसरून जाळायचे. तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते आणि रोप जोमदार येते, हे खरे. पण पोतेभर राखेसाठी गाडीभर पाला जळतो, हेही खरे.

यावरून एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. सरकारने जंगले राखून ठेवली, तशी राबासाठी पाला तोडण्यावर बंधने आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी १८८५ साली सरकारला जंगलविषयक चौकशी समिती नेमावी लागली. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे ओझान यांनी लोणावळ्याला राबाचे प्रयोग केले. पुढे इंग्लंडहून आलेले रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनी हिंदुस्थानभर हिंडून १८९३ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यात राबाची चर्चा आहे, आणि येथला शेतकरी अडाणी नाही, त्याला खताची वानवा आहे, असा एकंदर सूर आहे. शेण चुलीत जाते, पाला जळतो, मग शेताला काय उरते? हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्याचे एक उत्तर मराठी माणसाच्या हातून निघाले, हे आपल्या शाळांतून सांगितले पाहिजे. होळकरांच्या इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे शास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांच्याबरोबर यशवंत वाड हे रसायनशास्त्राचे जाणकार होते. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी खालीवर करायचे. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार. पाला जाळायचा नाही, कुजवायचा. १९३१ साली हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने त्यावर पुस्तक निघाले, आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. आज परदेशात ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात, तिच्या पायात इंदूरच्या खड्ड्यातले खत आहे.

स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई होती. पन्नाशीच्या आरंभी वसईच्या शेजारीच, बोरिवलीच्या कोरा केंद्रात जपानी भातशेतीचे प्रयोग झाले आणि तेथून त्या पद्धतीचा प्रसार झाला. गादीवाफ्यावर रोपे, ओळीत लावणी, कोळपणी, कंपोस्ट आणि जोडीला अमोनियम सल्फेट, अशी ती रीत. कंपोस्ट आणि रासायनिक खत हे दोघे तेव्हा हातात हात घालून आले होते. पुढे १९६५ साली तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, खताचा कारखाना सुरू झाला. खताची पोती गावोगाव पोचली. देशाला धान्य हवे होते, शेतकऱ्याने ते पिकवून दिले. त्याबद्दल त्याला दोष देणे अन्याय होईल. पण हळूहळू झाले काय, की पोते राहिले आणि उकिरडा गेला. हलके, हिशेबी, चटकन हिरवे करणारे पोते हाती असताना शेणाच्या पाट्या कोण वाहणार?

त्याच सुमाराला रहाटाची जागा इंजिनाने आणि विजेच्या पंपाने घेतली. पंप दमत नाही. आणि इथे किनाऱ्याच्या जमिनीचा एक कायदा आडवा येतो. समुद्राकाठी जमिनीखाली खारे पाणी असते. पावसाचे गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्यावर तरंगत राहते. युरोपातल्या अभियंत्यांनी याचे गणित मांडले आहे: समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी टिकते. याचा उलट अर्थ नीट ध्यानात घ्या. उपशाने वरची पातळी कायमची एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर चढू पाहते! रहाटाचा लगाम सुटला तो असा. किनाऱ्यावरच्या कित्येक विहिरी मचूळ झाल्या. त्यातच पुढे वाढत्या वस्तीसाठी विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले.

मचूळ पाणी वाडीत गेले की मीठ मातीत साठते. त्यात माती कुजक्या पाल्यावाचून उपाशी असेल, तर ती पाणी धरत नाही. पाणी धरत नाही म्हणून जास्त पाणी द्यायचे, त्यासाठी जास्त उपसायचे, आणि उपसले की पुन्हा खार वाढायचा. असे हे घाण्याचे चक्र आहे. म्हणून मी म्हणतो, वाडीची माती आणि विहिरीचे पाणी हे दोन विषय नाहीत, एकच आहे. मातीत कुजलेला पाला जितका, तितकी ओल टिकणार. ओल टिकली तितका उपसा कमी. आणि उपसा कमी तितकी विहीर गोडी. पाल्याची पाटी वाडीत ओतणारा म्हातारा आपल्या विहिरीचीही राखण करीत होता.

१९८८ साली वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा करण्याचे धोरण आले, तेव्हा लोक उठले ते याच पाण्याच्या आणि मातीच्या धास्तीने. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि अनेक कार्यकर्त्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या नावाने लढा दिला. सगळे वाचले नाही. २००९ साली येथे वसई-विरार महानगरपालिका झाली, शहर वाढतच गेले. पण ज्या वाड्या उरल्या, त्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न आजही उभा आहे.

त्याचे उत्तर शोधायला याच किनाऱ्याने थोडे उत्तरेला जाऊ. डहाणूच्या पलीकडे उंबरगाव तालुका आहे. आज तो गुजरातेत असला, तरी १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. तेथल्या देहरी गावी १९२२ साली वाडवळ घराण्यात भास्कर हिराजी सावे जन्मले. काही वर्षे ते प्राथमिक शिक्षक होते. मग शेतीत उतरले, रासायनिक खते वापरली, पीकही भरघोस आले. पण दरवर्षी खर्च वाढू लागला आणि हाती उरेना. तेव्हा त्यांनी वाट बदलली.

नारळ आणि चिकू एकत्र लावले. जमीन फार उकरायची नाही, पालापाचोळा जाळायचा नाही, तण उपटून फेकण्याऐवजी आच्छादन म्हणून वापरायचे. पाणी झाडाच्या बुंध्याशी न देता दोन ओळींमधल्या चरात द्यायचे, म्हणजे मुळे पाण्याच्या शोधात पसरतात. नांगरणीचे काम गांडुळांवर सोपवायचे. 'कल्पवृक्ष' नावाची त्यांची ती सुमारे चौदा एकरांची वाडी पाहायला जपानचे नैसर्गिक शेतीचे प्रवर्तक मासानोबु फुकुओका आले होते. २०१० साली सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सावे यांचा गौरव केला. २०१५ साली ते वारले. वाडवळांच्या जुन्या रीतीत त्यांनी नवे निरीक्षण मिसळले, एवढेच त्यांचे गुपित.

भाताच्या शेतकऱ्यालाही असा शेजारी आहे. रायगड जिल्ह्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा भात तंत्र' रुळवले. गादीवाफे एकदाच करायचे. मग दरवर्षी नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. साच्याने भोके पाडून त्यांत बी टोकायचे. कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची. ती कुजून हवापाण्याला वाटा होतात. यात तणनाशक वापरतात, ते सर्वांना पटत नाही. मलाही त्याचा वापर कमी होत जावा असे वाटते. पण चिखल तुडवण्याचे कष्ट वाचतात आणि माती पुन्हा रवाळ होते, हा लाभ मोठा आहे.

मग आपण काय करावे? शेतकऱ्यांनी एकदम सगळी वाडी बदलू नये. चार गुंठे निवडावेत. तिथला पाला जाळू नये, आच्छादन घालावे, ताग किंवा चवळी पेरून गाडावी, आणि तीन वर्षे उरलेल्या वाडीशी ताडून पाहावे. २०१५ सालापासून सरकार मृदा आरोग्यपत्रिका देते. तिच्यातला सेंद्रिय कर्बाचा आकडा आणि क्षारतेचा आकडा आधी वाचावा.

शिक्षकांनी मुलांकडून एक सोपा प्रयोग करून घ्यावा. एक ढेकूळ वाडीतल्या आच्छादनाखालचे, एक उघड्या शेतातले. दोन्ही वाळवून काचेच्या पेल्यातल्या पाण्यात जाळीवर अलगद ठेवायची. ज्या मातीत कुजलेला पाला भरपूर, ते ढेकूळ बराच वेळ टिकते. उपाशी मातीचे चटकन विरघळते. मग मुलांना घरच्या विहिरीचे पाणी मार्गशीर्षात आणि वैशाखात चाखायला सांगावे आणि वहीत नोंद करायला लावावी. चार-पाच वर्षे ही वही चालली, तर गावाचा खरा इतिहास तीत लिहिला जाईल. आणि ज्या वर्षी वैशाखातले पाणी आदल्या वर्षाहून गोड लागेल, त्या वर्षी वाडीत काय वेगळे केले होते, ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच पानावर टिपून ठेवावे.