दांतदुखी आणि दारांतील परिचारिका

दांतदुखीनें माणूस मरत नाहीं, अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. ती खोटी आहे. खालच्या दाढेंतील पू हनुवटीखालीं उतरून दोन्ही बाजूंस पसरला आणि जीभ वर उचलली गेली, म्हणजे श्वासाची वाटच बंद होते. जर्मन वैद्य लुडविग यानें १८३६ सालीं या विकाराचें वर्णन केलें व त्याचेंच नांव त्यास चिकटलें. दाढ दुखते म्हणून आलेल्या रोग्यांत असा एखादा कोण, हें ओळखणें हा खरा प्रश्न आहे. आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत तो बहुधा परिचारिकेपुढें येऊन उभा राहतो.

रोग्यांची अशी निवड करण्याची पद्धत रणांगणावर रुजली. नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य लारे यानें, हुद्दा न पाहतां, ज्याची जखम अधिक घातक त्यास आधीं हात लावावा, असा दंडक घातला. सरदार आणि शिपाई एका रांगेंत! ही निवड परिचारिकेच्या हातीं येण्यास मात्र फार काळ जावा लागला. इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं १९९४ पासून डॉक्टर व परिचारिका यांनीं एकत्र बसून जी पद्धत आंखली, तींत दांतांच्या तक्रारींचा तक्ता स्वतंत्र आहे. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे पांच रंग. परिचारिका ठराविक प्रश्न विचारते आणि रंग ठरविते. रोगाचें नांव सांगणें हें तिचें काम नव्हे. कोण किती वेळ थांबूं शकेल, एवढेंच तिनें सांगावयाचें.

आपल्याकडील कथा निराळी. सुश्रुतानें शस्त्रांच्या यादींत दंतशंकु घातला आहे. परंतु पुढें ही विद्या आठवडी बाजारांतील वैदूच्या चिमट्यापर्यंत येऊन ठेपली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालांत देशांतील ३ लक्ष माणसांमागें एक दंतवैद्य व ४३,००० माणसांमागें एक परिचारिका, असा हिशेब आहे. म्हणजे परिचारिका थोड्या खऱ्या, पण दंतवैद्यांच्या सातपट! दंतवैद्यांचा कायदा १९४८ चा, नागपूरचें सरकारी दंत महाविद्यालय १९६८ चें. यवतमाळास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८९ सालीं आलें. तरीहि झरी, मारेगांव, उमरखेडकडील खेड्यांतून रात्रीं निघालेल्या माणसास आधीं भेटते ती परिचारिकाच.

तिनें पाहावयाचें काय? श्वासास अडथळा, थुंकीहि न गिळवणें, तोंड दोन बोटें देखील न उघडणें, जिभेखालीं ताठ सूज, दाबूनहि न थांबणारें रक्त. यांपैकीं एकहि खूण दिसली तर गाडी बोलवावी. उजाडण्याची वाट पाहूं नये. नुसता ठणका असेल, सूज नाहीं, ताप नाहीं, तर वेदनाशामक देऊन दुसऱ्या दिवशीं दंतवैद्याकडे धाडलें तरी चालतें. (वेदनेची गोळी हिरडीवर दाबून ठेवणारे अनेक भेटतात. त्यानें ठणका जात नाहीं, हिरडी मात्र भाजते.) एवढें सारें एका मराठी तक्त्यांत मावेल, तो प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असावा, असें मला वाटतें.

आणि मला तसें वाटण्यास कारण आहे. शाळेंत खो-खो खेळतांना एका मुलाचा समोरचा पक्का दांत मुळासकट निघाला. मीं तो चांगला घासून पुसून कोरड्या कागदांत बांधला आणि मोठ्या अभिमानानें केंद्रावर नेला. तेथील परिचारिकेनें पुडी उघडली व ती हळहळली. म्हणाली, "गुरुजी, हा दुधांत टाकून आणावयाचा होता." मूळ न घासतां, दांत वरच्या बाजूनें धरून, दुधांत ठेवून तासाभरांत दंतवैद्याकडे पोंचविला, तर तो पुन्हा रुजण्याची आशा असते, दुधाचे दांत मात्र परत बसवीत नाहींत. हें मला ठाऊक नव्हतें. शाळा सोडून जाईपर्यंत तो मुलगा हंसतांना तोंडावर हात धरीत असे.