रेंगाळणारी काच

इंदूर म्हटले की आपल्याला सराफा आणि पोहे-जिलेबी आठवते. पण मोटारींच्या इतिहासातही या शहराचे नाव आहे, ते यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या 1935 च्या ड्युसेनबर्गमुळे. त्या काळी भारीतल्या भारी गाडीच्या काचासुद्धा हातानेच फिरवाव्या लागत. 1940 मध्ये अमेरिकेत पॅकार्डने बटणावर चालणाऱ्या काचा आणल्या, त्याही तेलाच्या दाबावर. दारातली विजेची मोटर रुळली ती नंतर, पन्नाशीच्या दशकात.

काच रेंगाळली की लोक बिचाऱ्या मोटरलाच बदलायला निघतात. इंदूरचा माझा मामेभाऊही निघाला होता. गाडी जुनी, पावसाळा तोंडावर, आणि मोटर काही स्वस्त नाही. मी म्हटले, थांब. (फाईल नेमकी कुठे अडली हे शोधण्यात आम्हा कारकुनांचा जन्म जातो!) चारही काचा मंद असत्या तर बॅटरीकडे बघितले असते. इथे एकच मंद होती. बटण दाबून काचेला तळव्यांनी वर आधार दिला, तर ती सरसर चढली. म्हणजे दोष खाचेतल्या रबराचा. माळव्याच्या कोरड्या उन्हाने ते कडक होते, वर धूळ. खाच पुसून सिलिकॉनचा फवारा मारला, काम झाले. साधे तेल घालू नका, रबर फुगते आणि धूळ चिकटते.

आपल्याकडे गोव्यात मात्र आधी बटण उघडून बघावे. खाऱ्या हवेने आतले तांबे हिरवे पडते.