‘दहा हजार कारणां’चे मूळ

आपल्या तरुणांच्या मेळाव्यांतून गिटारच्या साथीने ‘टेन थाउजंड रीझन्स’ हे गीत हल्ली कानी पडते. मॅट रेडमन व योनास मिरिन यांनी ते रचले. 2011 साली ते ध्वनिमुद्रित झाले आणि 2013 मध्ये त्यास दोन ग्रॅमी पुरस्कार लाभले. ‘हे विलायती गाणे उपासनेत कशाला?’ असे वडीलधारी मंडळी विचारतात, तेही आम्ही ऐकले आहे. परंतु हे गीत विलायती असले तरी त्याचे मूळ विलायतेतले नाही.

ते आहे स्तोत्रसंहितेतील 103 व्या स्तोत्रात. जुन्या लॅटिन गणनेप्रमाणे 102 व्या. स्तोत्रकर्ता प्रथम देवाशी बोलतच नाही. तो आपल्याच जिवाला हाक मारून जागे करतो. संत कान्हूराज पाठकांच्या केंदूर गावी भजनाला बसणाऱ्यास, मनाचे श्लोक मुखोद्गत असणाऱ्यास ही रीत परकी वाटावयाची नाही. फरक इतकाच की, इब्री ‘नेफेश’ हा शब्द नुसत्या मनापाशी थांबत नाही. गळा, श्वास, प्राण, अवघा जिताजागता माणूस त्यात येतो.

दहा हजार हा आकडा मात्र या स्तोत्रात नाही. शौलाच्या हजारांपुढे स्त्रियांनी दाविदाचे दहा हजार गायिले, तेथील इब्री ‘रेवावा’ हा शब्द मोजदाद संपल्याचीच खूण होय.

देव मंदक्रोध आहे, हे गीतात आले आहे. निर्गम ग्रंथाच्या 34 व्या अध्यायातून ते स्तोत्रात उतरलेले. गवतासारखे मानवी आयुष्य स्तोत्रात आहे, तर गीताच्या अखेरीस मृत्यूची चाहूल आहे. पण सहावी ओवी गीतातून सुटली. परमेश्वर सर्व पीडितांचा न्याय करतो, असे ती सांगते. आमच्या मते ही उणीव लहान नव्हे.

केंदूर शिरूर तालुक्यातले. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगाव. 1896-97 व 1900 च्या दुष्काळांत पोरक्या झालेल्या मुली, टाकलेल्या विधवा यांना पंडिता रमाबाईंनी तेथील मुक्तिसदनात आसरा दिला. अशा स्त्रियांना वाचता यावे म्हणून त्यांनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. छपाईचे काम सदनातील स्त्रियांनीच केले. रमाबाई आपल्या ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. पण सहाव्या ओवीतील ‘पीडित’ या शब्दाला त्यांच्या अंगणात चेहरे होते, नावे होती. त्या मुलींच्या तोंडी हे स्तोत्र आले असेल तेव्हा देवाचे उपकार न विसरण्याची दुसऱ्या ओवीतील सूचना त्यांना निराळीच ऐकू आली असेल.

रमाबाई 1922 च्या एप्रिलात निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला.