वैद्यकीय गांजा-संशोधन आणि माजी सैनिक : विधिमंडळातील मतदान (बुलढाणा जिल्हा)

सेवेत जायबंदी झालेल्या किंवा मनावर आघात घेऊन परतलेल्या सैनिकांच्या जुनाट वेदना, तुटक झोप आणि आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी) यांवर गांजातील द्रव्यांचा उपयोग होतो का, हे तपासण्याच्या संशोधनाबाबत कायदेमंडळांत होणारे मतदान. अमेरिकेत ते अनेकदा झाले. भारतीय संसदेत किंवा महाराष्ट्राच्या विधिमंडळात या प्रश्नावर एकदाही मतदान झालेले नाही. त्यामुळे बुलढाण्यापुरती ही नोंद आहे ती न झालेल्या मतदानाची, आणि ते का झाले नाही याची.

हा जिल्हा वऱ्हाडचा. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाड निजामाच्या मालकीचा, पण इंग्रजांच्या कारभाराखाली होता. १८९३ साली ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात विल्यम केन यांनी हिंदुस्थानातील गांजाचा प्रश्न उपस्थित केला आणि त्यातून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या. त्याच्या चौकशीत वऱ्हाडही होता आणि परवान्याने गांजा पिकवणारा सातपुड्यापलीकडचा खांडव्याचा मुलूखही. संपूर्ण बंदी आवश्यक नाही, कर आणि परवाना यांनी नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष १८९४ च्या अहवालात निघाला. सव्वाशे वर्षे उलटली, पण गांजाविषयी इतक्या तपशिलाने लोकांना विचारण्याचे काम इथे पुन्हा झालेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आजचा कायदा १९८५ चा आहे. अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम (एनडीपीएस) १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. तो संमत झाला तेव्हा लोकसभेत बुलढाण्याचे खासदार मुकुल वासनिक होते. या कायद्याने चरस आणि गांजा, म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, यांवर बंदी आली. नुसती पाने व बिया मात्र व्याख्येबाहेर राहिल्या. म्हणून भांगेचा विषय राज्यांकडे आला, आणि महाराष्ट्रात तो १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाच्या कक्षेत येतो. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या तासांत लपवलेली झाडे पोलिसांनी उपटून नेली की वर्तमानपत्रात बातमी येते, आणि जिल्ह्यातल्या बहुतेकांना या कायद्याची ओळख तेवढ्यापुरतीच असते.

कायद्याची दुसरी बाजू फारशी कोणी वाचत नाही. कलम ८ मधील मनाईला वैद्यकीय व शास्त्रीय कारणांचा अपवाद पहिल्यापासून आहे. कलम १० प्रमाणे गांजाच्या झाडाच्या लागवडीला परवानगी देण्याचा आणि तिचे नियमन करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. म्हणजे संशोधनासाठी नव्या कायद्याची किंवा सभागृहात हात वर करण्याची गरजच नाही, मंत्रालयातून निघालेली परवानगी पुरते. मतदान का झाले नाही, याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे असे की, परवानगी मागायला कोणी उभे राहिले नाही, तर सभागृहात प्रश्न विचारण्याची निकडही कोणाला भासत नाही. खासगी विधेयकाचा मार्ग आहे, पण स्वातंत्र्यानंतर संसदेने अशी चौदाच विधेयके संमत केली आणि त्यांतले शेवटचे १९७० मधले.

इतर राज्यांत थोडी हालचाल झाली. जम्मूच्या सीएसआयआर-आयआयआयएम या संस्थेने परवानगी घेऊन संशोधनासाठी लागवड केली. गोव्यात डिसेंबर २०२० मध्ये औषधी लागवडीच्या प्रस्तावाला विधी खात्याने होकार दिला, पण विरोध झाला आणि प्रस्ताव तिथेच थांबला. हिमाचल प्रदेश विधानसभेने ६ सप्टेंबर २०२४ रोजी औषधी, शास्त्रीय व औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. सैनिकांचा प्रश्न यांपैकी कशाच्याही केंद्रस्थानी नव्हता. २०१४ च्या एनडीपीएस दुरुस्तीने मॉर्फिनसारखी वेदनाशामके रुग्णांपर्यंत पोचणे सोपे केले. त्यांत गांजा नव्हता.

भारताने या विषयावर खरोखर मत दिले ते व्हिएन्नात. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगात, १९६१ च्या करारातील सर्वांत कडक चौथ्या अनुसूचीतून गांजा वगळण्याचा प्रस्ताव २७ विरुद्ध २५ असा निसटता संमत झाला. एक सदस्य तटस्थ राहिला. भारत बाजूने होता. औषधी उपयोगाची शक्यता त्यात मान्य झाली, नियंत्रण मात्र कायम राहिले. या मताविषयी वऱ्हाडातल्या गावांत चर्चा झाली असती, तर पुढचे प्रश्न तिथूनच निघाले असते.

अमेरिकेत १९ मे २०१६ रोजी प्रतिनिधी सभागृहाने, माजी सैनिकांच्या सरकारी डॉक्टरांना गांजाविषयी सल्ला देण्याची मुभा देणारी दुरुस्ती २३३ विरुद्ध १८९ मतांनी संमत केली. दोन्ही सभागृहांच्या तडजोडीत ती गळाली. २६ एप्रिल २०२३ रोजी सिनेटमध्ये संशोधनाचे विधेयक ५७ विरुद्ध ४२ मतांवर अडले, कारण ते पुढे नेण्यास ६० मते लागत होती. विज्ञानाची बाजूही अपुरी आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७६ माजी सैनिकांवरील चाचणीत गांजा घेणारे आणि निष्क्रिय नमुना घेणारे यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. चाचणी लहान होती आणि मुख्य टप्पा तीन आठवड्यांचा, त्यामुळे तिच्यावरून ‘गुण येतो’ किंवा ‘येत नाही’ असे दोन्ही सांगता येत नाही. मोठ्या चाचण्या हव्यात, या मागणीला यापेक्षा मोठा आधार नाही.

बुलढाण्याच्या गावोगावी सैन्यात नोकरी केलेली माणसे आहेत. १४ फेब्रुवारी २०१९ च्या पुलवामा हल्ल्यात मलकापूर आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्रा येथील केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दोन जवान गेले. त्या दलातून निवृत्त झालेला कायद्याच्या व्याख्येत ‘माजी सैनिक’ ठरत नाही. १ एप्रिल २००३ पासूनची माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना (ईसीएचएस) त्याला लागू नसते. संशोधनात सहभागी कोण, हे ठरवताना ही रेघ बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात सर्वांत आधी आड येईल. मणक्याला दुखापत झालेल्या सैनिकांसाठी खडकीत पुनर्वसन केंद्र आहे. अशा दुखापतींत स्नायू ताठरणे आणि मज्जातंतूंची वेदना नित्याची, आणि गांजातील द्रव्यांवरचे जगभरातले बरेचसे वैद्यकीय संशोधन याच दोन तक्रारींवर आहे.

आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये ती आहे, म्हणजे तिची औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत असा दंडक आहे. या शाखेचा कारभार केंद्रीय आयुष मंत्रालयाकडे आहे. जून २०२४ पासून त्याचे राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार) प्रतापराव जाधव आहेत. ते मेहकरचे, २००९ पासून बुलढाण्याचे खासदार, आणि आरोग्य खात्याचेही राज्यमंत्री. माजी सैनिकांच्या वेदनांवर विजयेची शिस्तशीर चाचणी घ्यावी, अशी मागणी त्यांच्यापर्यंत नेण्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून सुरुवात करता येईल.