फ्यूशियाची कुंडी आणि अक्कादेवीचा डोंगर

'फ्यूशिया पिंक' हा रंग तुम्ही नक्की पाहिलेला आहे. साडीत, लेहंग्यात, नेलपॉलिशच्या बाटलीवर. ज्या झाडावरून हे नाव आलं, ते झाड मात्र आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. त्याचं फूल झुमक्यासारखं उलटं लटकतं. वर लाल रंगाची चार टोकं मागे वळलेली, खाली जांभळा घेर आणि त्यातून बाहेर लोंबणारे लांब केसर.

थंडीत हे रोप घरी आणलं, तर दोन महिने बाल्कनी खुलते. मार्च उजाडला की कळ्या गळायला लागतात आणि एप्रिलमध्ये काड्या उरतात. पनवेल-उरणच्या पट्ट्यात असं होणं साहजिक आहे. हे रोप आपल्या हवेचं नाही. मग ते कुठल्या हवेचं, इथवर कसं आलं आणि त्याच्या कुंडीत जी माती लागते तिचा चिरनेर गावाशी काय संबंध, ही गोष्ट जरा लांबची आहे.

ज्यानं फूल पाहिलंच नाही त्याचं नाव

लिओनहार्ट फुक्स हा सोळाव्या शतकातला जर्मन वैद्य. १५४२ मध्ये त्यानं औषधी वनस्पतींवर एक मोठा सचित्र ग्रंथ छापला. १५६६ मध्ये तो वारला. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी शार्ल प्ल्युमिए नावाच्या फ्रेंच धर्मगुरूला कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर एक लाल फुलांचं झुडूप दिसलं. १७०३ मध्ये त्याचं वर्णन छापताना प्ल्युमिएनं ते नाव फुक्सच्या स्मरणार्थ दिलं. ज्याच्या नावानं हे फूल जगभर ओळखलं जातं, त्यानं ते आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिथल्या लोकांकडे त्या झुडपाला काही नाव असेलच. पुस्तकात ते आलं नाही.

रंगाची गोष्ट आणखी पुढची. १८५९ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहरात व्हेरगँ या रसायनतज्ज्ञानं एक भडक गुलाबी-जांभळा कृत्रिम रंग तयार केला. त्याला 'फुक्सिन' म्हणू लागले. त्याच वर्षी इटलीत मॅजेन्टा इथं लढाई झाली आणि तोच रंग 'मॅजेन्टा' म्हणूनही खपू लागला.

खिडकीतून काचपेटीत

फ्यूशियाच्या शंभराहून जास्त जाती आहेत. बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या, थोड्या न्यूझीलंड आणि ताहितीतल्या. अँडीज पर्वताच्या ढगांत बुडालेल्या उतारांवर त्या सर्वाधिक आढळतात. तिथं ऊन असतं, पण धुक्यातून गाळून आलेलं. पाऊस असतो, पण उतारावर पाणी थांबत नाही. रात्री गार असतात आणि मुळांशी कुजलेल्या पानांचा जाड थर असतो.

हे झाड इंग्लंडमध्ये लोकप्रिय कसं झालं याची एक दंतकथा सांगतात. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये जेम्स ली नावाचा रोपवाटिकावाला होता. एका खलाशाच्या घराच्या खिडकीत त्याला हे फूल दिसलं. खलाशाच्या बायकोला पैसे देऊन त्यानं ते रोप नेलं, त्याच्या शेकडो फांद्या रुजवल्या आणि एकेक रोप एका गिनीला विकलं. गोष्ट तंतोतंत खरी नसली तरी तिच्यात एक खूण आहे. फ्यूशियाची कीर्ती बागेत सुरू झाली नाही, खिडकीतल्या कुंडीत सुरू झाली.

पण समुद्रावरून रोपं जिवंत नेणं सोपं नव्हतं. खारे शिंतोडे, गोड्या पाण्याची टंचाई आणि महिनोन्महिन्यांचा प्रवास. बहुतेक रोपं वाटेतच मरत. १८२९ मध्ये लंडनमधल्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरला आढळलं की बंद बाटलीत नेचा आपोआप वाढतोय. आतली वाफ काचेवर जमते आणि पुन्हा मातीत उतरते. त्यावरून त्यानं काचेच्या बंद पेट्या बनवल्या आणि १८३३ मध्ये त्यातून रोपं थेट सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली.

या पेटीनं साम्राज्याचा नकाशा बदलला. चीनमधला चहा हिमालयात आला. अँडीजमधला सिंकोना, ज्याच्या सालीतून मलेरियावरचं क्विनाइन निघतं, १८६० च्या सुमारास निलगिरीत आला. सिंकोना आणि फ्यूशिया हे तिकडच्या डोंगरांतले शेजारी. निलगिरीच्या गार हवेत सिंकोना रुजला. आपल्याकडे महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही सरकारनं त्याची लागवड करून पाहिली, पण तो प्रयोग फसला. सह्याद्री उंच आहे, धुकंही आहे, पण इथं सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि बाकीचे आठ महिने कोरडे जातात. फ्यूशियाचं कोकणात का जमत नाही, त्याचं बरंचसं उत्तर इथंच आहे.

माती कुणाची?

जुन्या विलायती पद्धतीनं फ्यूशियाची कुंडी भरायची तर साधी माती, वाळू, जुनं शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा लागे. यातला पाला सर्वांत महत्त्वाचा. तो पाणी धरतो, पण माती चिकट होऊ देत नाही. जंगलातली जमीन थोडीशी कुंडीत आणल्यासारखंच ते आहे.

कोकणातल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवायला नको होतं. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पाला, गवत आणि शेण पसरून पावसाआधी ते जाळायचं, हा राब. राब भाजला की तणाचं बी मरतं, राख मिळते आणि भाताचं रोप जोमानं येतं. त्यासाठी दरवर्षी डोंगरावरून पाला आणि फांद्या आणाव्या लागत. डोंगर आणि शेत अशी ती एकच व्यवस्था होती.

१८७८ च्या वनकायद्यानं ती तोडली. जंगलं राखीव आणि संरक्षित अशा वर्गांत विभागली गेली. पाला तोडणं, गुरं चारणं, सरपण आणणं या रोजच्या गोष्टींना परवानगी लागू लागली आणि मोडल्यास दंड. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याच्या या जाचावर कोरडे ओढले आहेत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी गेल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. राबासाठीची तोड हा त्यातला मोठा वादाचा विषय होता. कातकऱ्यांचं तर नावच खैराच्या झाडापासून कात करण्याच्या धंद्यावरून पडलेलं. जंगल बंद झालं म्हणजे त्यांचा धंदाच बंद झाला.

१९२७ मध्ये नवा वनकायदा आला, तोही याच वाटेनं जाणारा. तीन वर्षांनी गांधीजींनी मीठ उचललं. समुद्रापासून दूर असलेल्या गावांनी मिठाच्या जागी जंगल घेतलं. १० जुलै १९३० रोजी पुसदला बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला आणि जंगल सत्याग्रह महाराष्ट्रभर पसरला.

२५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी असे अनेक समाजांचे लोक कोयते घेऊन जमले. तिथं पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्यांत चिरनेरचे नाग्या महादू कातकरी होते. त्या दिवशी मामलेदार जोशी यांचाही जीव गेला. आजही दर २५ सप्टेंबरला चिरनेरला हुतात्म्यांचा स्मृतिदिन पाळला जातो.

आता दोन चित्रं शेजारी ठेवून पाहा. एकीकडे परदेशी रोपाला वाटेत वारा लागू नये म्हणून काचेची पेटी. दुसरीकडे डोंगराच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला त्याच डोंगरावरचा पाला घेतला म्हणून दंड. दोन्ही एकाच राजवटीचे, एकाच शतकातले निर्णय. झाडांची काळजी कशी घ्यायची हे त्या सरकारला चांगलं कळत होतं. कुठल्या झाडांची आणि कुणासाठी, हे ठरवायचा हक्क त्यानं स्वतःकडे ठेवला होता.

तरीही लावायचं असेल तर

यात फुलाचा दोष नाही. चिरनेर-पनवेलच्या हवेत फ्यूशिया हा हिवाळी पाहुणा समजावा. नोव्हेंबरमध्ये आणा आणि फेब्रुवारीपर्यंतच्या फुलांवर समाधान माना. पारा तिशीच्या वर राहू लागला की त्याची वाढ आणि फुलणं मंदावतं. 'गार्टनमाइस्टर बॉन्स्टेट' ही १९०५ सालची नारिंगी-लाल, लांब नळीसारख्या फुलांची जात इतरांपेक्षा उष्णता जास्त सोसते. मिळाली तर तीच घ्या.

कुंडी मातीची असावी. माठातलं पाणी ज्या कारणानं गार राहतं, त्याच कारणानं तिच्यात मुळं गार राहतात. ती मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरली तर आणखी बरं. सकाळचं कोवळं ऊन पुरे, दुपारचं नको. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून रोप लहान असताना शेंडे खुडा. सुकलेली फुलं आणि त्यामागची फळं काढत राहा.

बहुतेक रोपं एका चुकीनं मरतात. दुपारी पानं मलूल दिसली की आपण पाणी ओततो. आधी मातीत बोट घालून पाहा. माती ओली असेल तर रोपाला उकडतंय, तहान लागलेली नाही. त्याला सावलीत हलवा, संध्याकाळी ते सावरतं. ओल्या मातीत आणखी पाणी गेलं की मुळं कुजतात. पावसाळ्यात रोप ठेवायचंच असेल तर छपराखाली, वारा खेळेल अशा जागी ठेवा. पानांच्या मागे पांढरी माशी आणि लाल कोळी येतात, तिथं नजर असू द्या.

आणि पाल्याचं खत विकत घेऊ नका, डोंगरावरूनही आणू नका. फेब्रुवारी ते एप्रिल सोसायटीच्या आवारात बदाम, आंबा, वड यांचा पाला ढिगानं पडतो आणि सकाळी झाडून जाळला जातो. तो एका भोकं पाडलेल्या पोत्यात भरा, ओला करा आणि पावसात राहू द्या. पावसाळा ओलांडला की त्याची काळसर, भुसभुशीत माती होऊ लागते. चाळून घेतली की ती कुंडीच्या मिश्रणात वापरता येते. नोव्हेंबरमध्ये रोप आणाल तेव्हा ती तयार असेल.

हा पाला गोळा करायला आज कुणाची परवानगी लागत नाही. चिरनेरच्या डोंगरावर ९० हून अधिक वर्षांपूर्वी भांडण झालं, ते अशाच साध्या गोष्टींसाठी.