व्हेअर द माउंटन मीट्स द मून

व्हेअर द माउंटन मीट्स द मून ही अमेरिकन लेखिका व चित्रकार ग्रेस लिन यांची इंग्रजी भाषेतील अद्भुतरम्य कुमार-कादंबरी आहे. 'लिटल, ब्राउन अँड कंपनी' या प्रकाशनसंस्थेने ती 2009 साली प्रकाशित केली. पुस्तकातील रंगीत चित्रे लिन यांनी स्वतःच काढलेली आहेत. चिनी पुराणकथा व लोककथा यांवर आधारलेल्या या कादंबरीला 2010 साली न्यूबेरी सन्मान आणि बालसाहित्यासाठीचा मिथोपोइक पुरस्कार मिळाला.

कथानक

फलहीन पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या एका दरिद्री खेड्यात मिनली ही मुलगी आईवडिलांसोबत राहते. पर्वतावर काहीच उगवत नाही आणि भातशेतीत दिवसभर राबूनही घरात जेमतेम अन्न असते. वडील रोज रात्री तिला गोष्टी सांगतात. असल्या गोष्टींनी मुलीच्या मनात अशक्य आशा निर्माण होतात, अशी आईची तक्रार असते. जवळचे तांब्याचे नाणे देऊन मिनली एक सोनमासा विकत घेते, पण घरात त्याला खाऊ घालण्याइतकेही अन्न नसल्याने त्याला नदीत सोडून देते. त्या माशाच्या सांगण्यावरून ती घराण्याचे भाग्य कसे पालटेल, हे चंद्रावरील वृद्धाला विचारण्यासाठी एकटीच घर सोडते. वाटेत तिला उडता न येणारा एक ड्रॅगन भेटतो व तो तिचा सोबती होतो.

वृद्धाला एकच प्रश्न विचारण्याची मुभा असते. घरच्या दारिद्र्याचा प्रश्न ओठांवर असताना मिनली ड्रॅगनला उडता का येत नाही, हे विचारते. त्याच्या डोक्यावरील गोळा काढल्यावर तो उडू लागतो. तोच गोळा घेऊन मिनली घरी परतते आणि तो अमूल्य ड्रॅगन-मोती असल्याचे नंतर उघड होते.

मिनलीच्या प्रवासाला समांतर असे आईवडिलांचे कथानकही चालते. सुरुवातीला गोष्टींचा तिटकारा असणारी आई मुलीच्या विरहात स्वतःच एक गोष्ट सांगते आणि तीतून आपल्या असमाधानाची कबुली देते. साहसाचा भाग मिनलीकडे असला, तरी व्यक्तिरेखेतील सर्वांत मोठा बदल आईचा आहे.

पुराणकथांचा वापर

मुख्य कथेत अधूनमधून लहान स्वतंत्र कथा येतात. प्रारंभी त्या सुट्या वाटतात, परंतु एका कथेतील पात्र पुढे मुख्य कथानकात प्रत्यक्ष अवतरते. फलहीन पर्वत हे जेड ड्रॅगन या मातेचे भग्न हृदय आहे, ही गोष्ट आरंभीच येते. मिनलीचा ड्रॅगन ज्या शाईने रंगवला गेला, तिचा दगड त्याच पर्वताचा होता, हे पुढे कळते. चार ड्रॅगन नद्या झाल्याची चिनी लोककथा या धाग्याच्या मुळाशी आहे. डोळे रेखाटताच चित्रातील ड्रॅगन सजीव होतो, ही कल्पना सहाव्या शतकातील चित्रकार झांग सेंग्यौ यांच्याविषयीच्या आख्यायिकेतून आली आहे.

चंद्रावरील वृद्ध म्हणजे चिनी परंपरेतील युए लाओ. तो भावी पतिपत्नींचे पाय लाल दोऱ्याने बांधतो, अशी समजूत आहे. तांग काळातील ली फुयान यांच्या कथेत वेई गू नावाचा तरुण या वृद्धाकडून आपली भावी पत्नी कोण हे ऐकतो. ती एका गरीब भाजीवालीच्या कडेवरील तीन वर्षांची मुलगी असल्याचे पाहून तो तिला मारण्यासाठी नोकर पाठवतो. मुलगी जखमी होऊन वाचते व चौदा वर्षांनी तिच्याशीच त्याचा विवाह होतो. लिन यांनी या कथेला वेगळे रूप दिले आहे. मूळ कथेत विधिलिखित अटळ ठरते, तर कादंबरीत मिनली ते बदलण्यासाठीच निघते. अखेरीस तिच्या कुटुंबाला मिळते ते भाग्यग्रंथातील ओळ बदलून नव्हे, स्वतःचा प्रश्न सोडून दिल्यामुळे.

पार्श्वभूमी

लिन यांचे आईवडील तैवानहून अमेरिकेत स्थलांतरित झाले होते. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात वाढताना आपल्या आशियाई वारशापासून लिन दूरच राहिल्या. त्यांची उत्सुकता जागी व्हावी म्हणून आईने चिनी लोककथांची इंग्रजी पुस्तके घरातील कपाटात ठेवली. भाषांतरे रुक्ष होती, त्यामुळे गाळलेले तपशील लिन मनानेच भरत. पुढे हाँगकाँग, तैवान व चीन येथील प्रवासात त्या कल्पनांना प्रत्यक्ष स्थळांची जोड मिळाली. म्हणून या कादंबरीतील भूमी चीनच्या नकाशावर शोधणे व्यर्थ आहे, आणि लोककथांचा प्रमाणसंग्रह म्हणूनही ती वाचता येत नाही. परक्या देशात वाढलेल्या मुलीने अर्धवट ऐकलेल्या वारशाची केलेली ती पुनर्रचना आहे.

संबंधित साहित्य

याच धर्तीवर लिन यांनी 'स्टारी रिव्हर ऑफ द स्काय' (2012) आणि 'व्हेन द सी टर्न्ड टू सिल्व्हर' (2016) या कादंबऱ्या लिहिल्या. दुसरी कादंबरी अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम फेरीत होती. तिन्ही पुस्तके स्वतंत्रपणे वाचता येतात.